क्रीडा मार्केटिंगचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स: तिसऱ्या आठवड्यासाठी तरी कराच

आधी माझं थोडं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. आमची कंपनी नी-कॅप, घोट्याचे सपोर्ट आणि खेळाडू सांध्यांवर लावतात ती चिकटपट्टी बनवते. कंपनी छोटी. मार्केटिंगला मी आणि एक सहकारी, एवढेच. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका हाफ मॅरेथॉनचे सहप्रायोजक झालो. वर्षभराच्या बजेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात गेला. शर्यतीच्या दिवशी पहाटे पोचले, तर आमचा बॅनर फिनिश लाइनच्या मागे, पार्किंगकडे तोंड करून बांधलेला. धावून आलेल्या एकाही माणसाला तो दिसणार नव्हता. वर गेटापाशी दुसऱ्याच एका कंपनीची मुलं त्यांच्या नी-कॅपची पाकिटं वाटत होती. आयोजकांना जाब विचारला, तर त्यांनी करारच पुढे केला. ‘कार्यक्रमस्थळी एक बॅनर.’ एवढंच लिहिलेलं होतं आणि खाली सही माझी होती.

त्या दिवसाचा राग मनात घेऊनच मी या कोर्सला बसले. विषय क्रीडा आणि इव्हेंट मार्केटिंगची तोंडओळख. आठवड्याला साधारण चार तास द्यावे लागतात. शिकवणाऱ्या बाई स्वतः बरीच वर्षं प्रायोजकांच्या बाजूने वाटाघाटी करत आल्या आहेत, आणि ते त्यांच्या प्रत्येक उदाहरणात जाणवतं.

पहिले दोन आठवडे पायाभरणीचे. खेळाचं मार्केटिंग वेगळं आणि खेळाच्या आधाराने आपल्या मालाचं मार्केटिंग वेगळं, हा फरक त्या पहिल्याच तासात पक्का करतात. क्लबला तिकिटं विकायची असतात. सामना संपला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य, ती उद्यासाठी गोदामात ठेवता येत नाही. संघ हरेल की जिंकेल हे विकणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून सामन्याच्या निकालावर मोहीम उभी करायची नसते. यात टूर द फ्रान्सची गोष्ट येते. १९०३ साली ‘लोटो’ या क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी ही सायकल शर्यत सुरू केली. तो पेपर पिवळ्या कागदावर छापला जायचा आणि १९१९ पासून आघाडीवरच्या सायकलपटूला पिवळी जर्सी मिळू लागली. दुसऱ्याच्या कार्यक्रमात जागा विकत घेण्याऐवजी धंद्याने स्वतःचाच कार्यक्रम उभा केला, हे मला फार भावलं. पेपर १९४४ मध्ये बंद झाला, शर्यत आजही चालू आहे.

तिसरा आठवडा मात्र या कोर्सचा जीव आहे. त्यात प्रायोजकत्वाचा एक खरा करार देतात, नावं काळी केलेला, चौदा पानांचा. त्यातल्या त्रुटी तुम्ही शोधायच्या. मी रात्री जेवणं आटोपल्यावर पेन्सिल घेऊन बसले, शेजारी आमचा तो मॅरेथॉनचा करार ठेवला आणि दोन्ही ओळीने वाचले. आमच्या मालाच्या प्रकारात दुसरा प्रायोजक येणार नाही, हे कलम आमच्याकडे नव्हतंच. बॅनरचा आकार, जागा, दिशा यांचा उल्लेख नाही. गेटाबाहेरचा परिसर कुणाच्या ताब्यात, ते नाही. ठरलेली गोष्ट मिळाली नाही तर भरपाई काय, तेही नाही. पुढच्या वर्षी पहिली विचारणा आम्हाला व्हावी, हा हक्कही नाही. सकाळी उठून मी हे पाचही मुद्दे एका कागदावर उतरवले. तो कागद आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

एका प्रकारात एकच प्रायोजक ही कल्पना किती मोलाची आहे, ते बाई १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवरून समजावतात. त्याआधी १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकला शेकडो प्रायोजक आणि पुरवठादार होते, आणि शहरावर झालेलं कर्ज फिटायला तीस वर्षं लागली. आयोजन समितीचे प्रमुख पीटर युबेरॉथ यांनी लॉस एंजेलिसला प्रायोजक मोजकेच ठेवले, प्रत्येकाला त्याच्या प्रकारात एकटं उभं केलं आणि त्या बदल्यात घसघशीत रक्कम मागितली. स्पर्धेच्या शेवटी २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक उरली. पण तिथेच दुसरा धडाही आहे. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या प्रकारात अधिकृत प्रायोजक फुजी झाली, तेव्हा तिच्या प्रतिस्पर्धी कोडॅकने एबीसी वाहिनीवरच्या प्रक्षेपणाचं प्रायोजकत्व घेतलं. घरी टीव्ही बघणाऱ्याला कोडॅकच दिसत राहिली.

अधिकृत प्रायोजक नसताना कार्यक्रमाचा असा फायदा उठवण्याला ॲम्बुश मार्केटिंग म्हणतात, आणि त्यावरचा चौथा आठवडा ऐकताना वेळ कसा गेला ते कळलं नाही. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकात अधिकृत पेय कोकाकोला असताना पेप्सीने ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’ म्हणत धमाल उडवली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकातल्या नेदरलँड्स-डेन्मार्क सामन्यात नारिंगी कपड्यातल्या ३६ स्त्रियांना स्टेडियमबाहेर काढलं, कारण ते कपडे बव्हेरिया या बिअर कंपनीच्या मोहिमेतले होते. गेटापाशी पाकिटं वाटणारी ती मुलं मला इथे नीट कळली. त्यांनी कुठलाही नियम मोडला नव्हता. गेटाबाहेरची जागा आम्ही मोकळी सोडली होती.

सहावा आठवडा ॲक्टिव्हेशनचा, म्हणजे विकत घेतलेला हक्क वापरायचा कसा. बाईंचं म्हणणं स्पष्ट आहे: हक्कासाठी जेवढे पैसे मोजाल, तेवढेच तो वापरायला बाजूला ठेवा; जमत नसेल तर लहान कार्यक्रम घ्या. हे मी अक्षरशः पाळलं. यंदा त्याच आकाराच्या शर्यतीऐवजी एक छोटी शर्यत घेतली आणि उरलेल्या पैशात दहाव्या किलोमीटरला टेबल लावलं. दोन फिजिओथेरपिस्ट, चार खुर्च्या, आमची चिकटपट्टी. एक पन्नाशीचे गृहस्थ घोटा धरून आले, पट्टी लावून घेतली, दोन पावलं टाकून पाहिली आणि पुन्हा धावायला लागले. शर्यत संपल्यावर ते पाकिटावरचं नाव वाचायला परत आले. त्या क्षणी मला कळलं की पार्किंगकडे तोंड केलेल्या बॅनरवर आम्ही काय घालवलं होतं.

आता कमी काय ते. मोजमापाचा सातवा आठवडा फार पातळ आहे. लोगो टीव्हीवर किती सेकंद दिसला आणि तेवढ्या जाहिरातीला किती पैसे पडले असते, या हिशेबावरच बराच वेळ जातो. दिसणं म्हणजे लक्षात राहणं नव्हे, हे बाई एकदाच सांगतात आणि पुढे जातात. ज्यांचा कार्यक्रम टीव्हीवर येतच नाही त्यांनी काय मोजायचं? आम्ही टेबलापाशी आलेली माणसं आणि त्यानंतरच्या महिन्यात आलेल्या चौकश्या मोजल्या. ही साधी रीत कोर्समध्ये असायलाच हवी होती. उदाहरणंही बहुतेक बलाढ्य कंपन्यांची आहेत. आयोजकाच्या बाजूने विचार करणारा पाचवा आठवडा घाईत उरकलाय, आठवा तर नुसती उजळणी. चर्चेतल्या प्रश्नांना उत्तर यायला कधी कधी आठवडा लागतो.

तरीही पाचापैकी चार तारे देते आहे, आणि त्यातले दोन एकट्या तिसऱ्या आठवड्याचे. कोर्स घेणार असाल तर आपला एखादा जुना करार शोधून ठेवा आणि नावं खोडून चर्चेत टाका. माझ्या दोन पानी करारावर बाईंनी अकरा शेरे लिहून पाठवले. त्यातला शेवटचा होता: ‘बॅनर कुठल्या दिशेला, हे लिहा.’