म्हशीमागं परत धरणाच्या गावात : कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’

“सध्या काय वाचू?” असं आमच्या वाचनाच्या गटात कुणी विचारलं की ठरलेली नावं येतात. ‘शाळा’, ‘बारोमास’, जाडजूड पुस्तकाला न भिणारं कुणी असेल तर ‘सातपाटील कुलवृत्तांत’. ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तेही नाव निघायला लागलं. पण सुचवताना सगळे एकच सांगतात : धरणग्रस्तांची कादंबरी आहे.

मी धरणग्रस्ताचीच मुलगी. चांदोली धरणात गाव गेलं तेव्हा दुसरीत होते. धरणग्रस्तांच्या नोंदीचं संकलन रजिस्टर, पर्यायी जमिनीसाठी भरपाईतून भरलेल्या ६५ टक्क्यांची पावती, तलाठ्याकडं हेलपाटे हे सगळं घरात ऐकतच वाढले. तेच पुन्हा कशाला वाचायचं, म्हणून पुस्तक टाळत राहिले. चुकलंच माझं.

कारण खोतांची नजर म्हशीवर आहे. गाव उठून परमुलखात जाऊन बसलंय. मागं सोडलेल्या म्हशी तिकडं रानात राहून रानटी झाल्यात. त्यांतली आपली म्हैस धरून आणायला नायक परत जातो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण माणसानं ज्या जनावराला हातानं चारलं, तेच त्याला ओळखेनासं होतं आणि शिंगं रोखून उभं राहतं, तेव्हा नक्की कोण कुणाला सोडून गेलं हा प्रश्न पोटात कालवाकालव करतो. नुकसानभरपाईच्या कुठल्याच कागदावर या म्हशीसाठी रकाना नव्हता.

माझ्या वडिलांचं, आबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं. आमची एक रेडी गाव सोडताना ट्रकात चढली नव्हती. फळी लावली, पेंड दाखवली, चौघांनी मागून रेटलं, तरी नाही. ती तिथंच राहिली. ज्या आल्या त्यांना इकडं वाळवा तालुक्यात चरायला रानच नव्हतं, सगळीकडं ऊस. बारा महिने दाव्याला, पुढ्यात उसाचं वाडं. चालणंच नाही म्हटल्यावर खुरं वाढून पुढं वाकडी झाली. आबा ती विळ्यानं तासायचे, मी म्हशीच्या तोंडाशी उभी राहायचे. वाचता वाचता आबांनी मला थांबवलं, “लेखक कुठला गं ह्यो?”

“पन्हाळ्याकडचा, आबा. निकमवाडीचा.”

“मग म्हशी राखल्यात त्येनं.”

भाषा पन्हाळा-शाहूवाडीकडची, अस्सल. पुण्यात वाढलेल्या माझ्या जावेला सुरुवात जड गेली. तिला मी सांगितलं, अर्थ शोधत बसू नकोस, आवाज काढून वाच. तिची गाडी मग रुळावर आली. ही लिहिलेली भाषा कानानं वाचायची आहे.

एक तक्रार मात्र आहे. माणूस आणि म्हैस समोरासमोर येतात त्या मधल्या भागात तीच झटापट, तोच विचार फिरून फिरून येतो. नावच रिंगाण, तेव्हा गोल फिरणं मुद्दाम असणार हे कळतं, तरी थोडं आवरलं असतं तर धार वाढली असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आबांना तसं वाटलं नाही. “म्हस धरायला येळ लागतोच,” म्हणाले.

घरपोच मागवलेली माझी प्रत पाठ दुमडून आली आणि बदलून मिळायला तीन आठवडे गेले. जमलं तर दुकानात जाऊन, हाताळून घ्या.

समकालीन मराठी कादंबरी कुठून सुरू करावी असं कुणी विचारलं तर मी यापुढं ‘रिंगाण’ सांगणार, विशेषतः ज्यांच्या घरी कधी जनावर होतं त्यांना. आबांसाठी आता खोतांचीच ‘झड-झिंबड’ आणलीय. ती पावसाची आहे म्हटल्यावर त्यांनी मृग निघेपर्यंत थांबायला सांगितलंय.