२२०० मीटर, ६३० मीटर की १६० मीटर : खंडाखंडांत वाटून घ्यायच्या बँडची निवड

उच्च वारंवारतेच्या बँडवर काही वर्षे काढल्यानंतर ज्या हौशी रेडिओ चालकाला २ मेगाहर्ट्झच्या खाली उतरावेसे वाटते, त्याच्यासमोर मुख्यतः तीन पर्याय असतात : १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झचा २२०० मीटर बँड, ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा ६३० मीटर बँड आणि १.८ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा १६० मीटर बँड. निवड करताना बहुतेक जण आधी अँटेनाचा विचार करतात, आणि तो आवश्यकच आहे. मात्र या बँडवर अंधार पडला की समुद्रापलीकडचे चालकही त्याच तुटपुंज्या जागेत ऐकू येऊ लागतात. ती जागा त्यांच्याबरोबर वाटून घेताना शक्ती, वेळ आणि बोलण्याची मुभा यांपैकी काय सोडावे लागते, हे प्रत्येक बँडवर वेगळे असते. आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष तोच आहे.

आधी हक्काची बाजू पाहू. २२०० मीटर बँड २००७ च्या जागतिक रेडिओसंचार परिषदेत आणि ६३० मीटर बँड २०१२ च्या परिषदेत हौशी सेवेला मिळाला, पण दोन्ही ठिकाणी दुय्यम दर्जाने. दुय्यम दर्जा म्हणजे प्राथमिक सेवेला, म्हणजे त्या वारंवारतेवर पहिला हक्क असलेल्या सेवेला, व्यत्यय आणायचा नाही आणि तिच्याकडून व्यत्यय आला तर तक्रारही करायची नाही. २२०० मीटरवर परिणामी उत्सर्जित शक्तीची, म्हणजे अँटेनाचा तोटा आणि लाभ धरून बाहेर पडणाऱ्या शक्तीची, मर्यादा १ वॅट आहे. ६३० मीटरवरही ती १ वॅटच आहे. मात्र नियमात नावाने नोंदवलेल्या देशांच्या सीमांपासून ८०० किलोमीटरहून दूर असलेल्या प्रदेशात ती ५ वॅटपर्यंत वाढवण्याची मुभा त्या त्या प्रशासनाला आहे. काही देशांनी हे बँड हौशी चालकांना दिलेलेच नाहीत, तर अमेरिकेत २०१७ पासून ते खुले असले तरी वीजवाहिन्यांवरील संदेशवहनाला धक्का लागू नये म्हणून चालकाला आधी आपल्या केंद्राची जागा कळवावी लागते आणि तीस दिवस थांबावे लागते. त्यामुळे उपकरणांवर पैसे घालण्यापूर्वी आपल्या परवान्यात नेमके काय लिहिले आहे, हे पाहणे ही पहिली पायरी.

१६० मीटरवर हक्क अधिक भक्कम आहेत, पण ते जगभर सारखे नाहीत. आंतरराष्ट्रीय वाटपानुसार युरोप-आफ्रिकेच्या पहिल्या विभागात हौशी सेवेला १८१० ते १८५० किलोहर्ट्झ मिळतात. अमेरिका खंडांच्या दुसऱ्या विभागात १८०० ते २००० मिळतात, पण त्यांपैकी १८५० च्या वरचा भाग इतर सेवांसोबतचा आहे. आशिया-ओशनियाच्या तिसऱ्या विभागात १८०० ते २००० हा सगळाच पट्टा सामाईक आहे. म्हणजे तिन्ही विभागांना समान अशी पट्टी केवळ ४० किलोहर्ट्झची, आणि तीही प्रत्येक देशात पूर्ण उपलब्ध असेलच असे नाही. जपानमध्ये तर दीर्घकाळ १९०७.५ ते १९१२.५ ही छोटी पट्टी महत्त्वाची होती. ज्याला या पट्टीत प्रक्षेपणाची परवानगी नव्हती, असा युरोपातील चालक १८३० च्या आसपास पाठवायचा आणि १९०८ च्या आसपास कान लावून बसायचा. पाठवणे एकीकडे आणि ऐकणे दुसरीकडे, ही स्प्लिट पद्धत इथे नियमांतील विसंगतीवरचा उपाय म्हणून रुजली. शिवाय १८३० ते १८३५ या पट्टीत स्थानिक गप्पा न मारता ती आंतरखंडीय संपर्कांसाठी मोकळी ठेवण्याचा रिवाज अनेक चालकांनी वर्षानुवर्षे पाळला. तो कोणत्याही कायद्याने लादलेला नव्हता, आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो.

आता अँटेनाचे गणित. पाव तरंगलांबीची उभी तार १६० मीटरवर ४० मीटरची, ६३० मीटरवर सुमारे १५८ मीटरची आणि २२०० मीटरवर ५५० मीटरची होते. पहिली उलट्या एल आकारात वाकवून साधता येते. बाकीच्या दोन्ही घरच्या आवारात अशक्य. वर आडव्या तारा पसरून १५ मीटर प्रभावी उंची साधली असे धरू. २२०० मीटरवर तिचा प्रारण-रोध, म्हणजे रोधाचा जो भाग शक्ती लहरींच्या रूपात बाहेर टाकतो तो, ०.०७ ओहमच्या आसपास येतो. जमीन आणि कॉईल यांतील तोटा ७५ ओहम धरला, तर ३०० वॅटच्या ट्रान्समीटरमधून प्रत्यक्षात सुमारे ०.३ वॅटच प्रारित होतो, आणि आखूड उभ्या अँटेनाचा लाभ मोजल्यावर कायद्यातला १ वॅट जेमतेम गाठला जातो. अँटेनाची धारिता ३०० पिकोफॅरड असेल, तर तिच्याशी जुळवणारी लोडिंग कॉईल साडेचार मिलीहेन्रीची लागते आणि तिच्या वरच्या टोकाशी सात-आठ हजार व्होल्ट उभे राहतात. ओल्या झाडाची फांदी तारेजवळ आली तरी जुळणी हलते आणि ठिणगी पडण्याचा धोका असतो. त्याच तारेचा प्रारण-रोध ६३० मीटरवर सुमारे ०.९ ओहम होतो. तोटा ३० ओहम धरला तर अकरा-बारा वॅटमध्ये १ वॅटची मर्यादा गाठता येते. इतका मोठा फरक इतर कोणत्याही निकषावर दिसत नाही.

पण मर्यादेइतकी शक्ती बाहेर गेली म्हणजे काम झाले असे नाही. २२०० मीटरचा संपूर्ण बँड २.१ किलोहर्ट्झचा आहे. एसएसबी या आवाजाच्या पद्धतीतील एका संभाषणालाही तो पुरत नाही, मग जगभरच्या केंद्रांनी तो वापरायचा कसा? युरोपातील चालकाला शेजारही सहन करावा लागतो, कारण बँडच्या खालच्या कडेपासून जेमतेम १०० हर्ट्झ अंतरावर, १३५.६ किलोहर्ट्झवर, हंगेरीतील एक शक्तिशाली नियंत्रण-प्रक्षेपक चालतो. अशा जागेत बँडविड्थ आक्रसून वेळ वाढवणे एवढाच मार्ग उरतो. अतिमंद मोर्समध्ये एक टिंब ३० सेकंद किंवा त्याहूनही लांब असते आणि नुसते सांकेतिक नाव पाठवण्यात बराच वेळ जातो. डब्ल्यूएसपीआर ही क्षीण संकेतांसाठीची डिजिटल पद्धत सम मिनिटाला सुरू होते, सुमारे ११० सेकंद चालते आणि जेमतेम ६ हर्ट्झ व्यापते. तेवढ्यात केंद्राचे नाव, स्थान आणि शक्ती एवढेच जाते. सगळ्या खंडांची केंद्रे २०० हर्ट्झच्या एकाच खिडकीत बसवायची असल्यामुळे प्रत्येकाने दर पाच फेऱ्यांपैकी साधारण एका फेरीत पाठवावे आणि उरलेल्या वेळात ऐकावे, असा प्रघात आहे. शेजारच्या गावातील केंद्राने सतत पाठवत राहायचे ठरवले, तर आपल्या रिसीव्हरमध्ये त्याच्या आवाजाखाली दुसऱ्या खंडाचा क्षीण संकेत बुडून जातो, मग वारंवारता वेगळी असली तरी. ज्याला हे ऐकत बसणे जड जाते त्याने २२०० मीटरकडे वळू नये.

६३० मीटरची ७ किलोहर्ट्झची पट्टी त्या मानाने ऐसपैस आहे. पहिल्या विभागाच्या बँड-आराखड्यात ४७२ ते ४७५ मोर्ससाठी ठेवले आहेत आणि ४७५ च्या वर मोर्ससोबत डिजिटल पद्धतींना वाव आहे. इथे हाताने मोर्स पाठवून खरा दुतर्फा संपर्क करता येतो, आणि संकेत फारच क्षीण असेल तेव्हा एफएसटी४ किंवा जेटी९ या डिजिटल पद्धती कामी येतात. १६० मीटरवर मात्र बोलता येते, स्पर्धा असतात, एफटी८ या डिजिटल पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी संपर्क भराभर होतात. त्याची किंमत गर्दीत मोजावी लागते : दुर्मीळ केंद्र ऐकू आले की शेकडो जण एकाच वेळी हाक घालतात आणि सूर्योदयाच्या वेळची मोजकी मिनिटे, जेव्हा पलीकडचा खंड सर्वांत स्पष्ट येतो, त्या कोलाहलातच निघून जातात.

ऋतूंचा मुद्दा तिन्ही बँडना लागू आहे. उत्तर गोलार्धातील लांब, शांत हिवाळी रात्री या कामाला उत्तम. पण तेव्हा दक्षिणेत उन्हाळा असतो आणि विजांचा कडकडाट रिसीव्हर व्यापून टाकतो. त्यामुळे उत्तर-दक्षिण संपर्क हवा असणाऱ्याने विषुवदिनांच्या आसपासचे आठवडे धरावेत.

माझा कौल असा : आवार लहान असेल, स्वतः कॉईल गुंडाळण्याची तयारी असेल आणि संथ गती चालणार असेल, तर ६३० मीटर घ्यावा. माणसांशी बोलणे हेच सुख वाटत असेल तर १६० मीटरला पर्याय नाही. २२०० मीटर त्याच्यासाठी, ज्याच्याकडे मोकळी जमीन आहे आणि ज्याला एकाच संकेतासाठी अनेक रात्री जागण्यात आनंद आहे.

मात्र ट्रान्समीटर बांधण्याआधी एक संपूर्ण हिवाळा फक्त ऐकावे. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकी हौशी चालक पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे तंबूत बसून अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संकेत पकडले, तेव्हा तिथे त्यांच्याकडे होती ती केवळ ऐकण्याची यंत्रणा आणि शेकडो मीटर लांबीची बेव्हरेज अँटेना, म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवर आडवी ताणलेली तार. आज एक छोटी लूप अँटेना, संगणक आणि अचूक लावलेले घड्याळ एवढ्यावर तिन्ही बँड शेजारी-शेजारी तपासता येतात. घरातील एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करत आवाजाची पातळी किती खाली येते ते नोंदवावे. ज्या बँडवर ती खाली येतच नाही, तो कितीही आवडला तरी निवडू नये, कारण जे केंद्र दूरचे ऐकू शकत नाही आणि तरीही पाठवत राहते, ते इतरांच्या वाट्याची जागा अडवते आणि त्यांना उत्तर मात्र देऊ शकत नाही.