बाबांची एचएस-सीआरपी टेस्ट, घरी सॅम्पल घेऊन गेले त्याचा अनुभव

बाबांचं कोलेस्टेरॉल कंट्रोलमध्ये, तरी डॉक्टर म्हणाले एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या, म्हणून घरी येणाऱ्या लॅबकडून केली. लॅबचा मुलगा वेळेवर आला, एकाच टोचण्यात रक्त मिळालं, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर. पण आकडा 12! आम्ही हादरलोच. बाबांना त्या आठवड्यात ताप होता आणि लॅबवाल्यांनी विचारलंच नाही, विचारायला हवं होतं ना, कारण 10 च्या वर गेलं की आधी इन्फेक्शनचा संशय घेतात. बरं झाल्यावर परत केली, 2.4 (1 च्या आत चांगलं, 3 च्या वर रिस्क जास्त).

डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागे पेनाने धमनी काढून दाखवली, भिंतीत शिरलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) गिळायला मॅक्रोफेज (शरीराच्या संरक्षक) पेशी येतात, खाऊन खाऊन फेसासारख्या फुगतात आणि तिथेच मरतात, त्यांचाच गाळ साचून ब्लॉकेज वाढतं. म्हणजे नुसती चरबी नाही, सूज पण! 2017 च्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीत कोलेस्टेरॉल न उतरवता फक्त सूज कमी केली तरी हार्ट अटॅक कमी झाले.

टेस्ट जरूर करा, फक्त तापात नको. लॅबला पाचपैकी तीन.