राजद्रोह, देशद्रोह की फितुरी? 'ट्रीझन'साठी शब्द निवडताना

पुतणी नांदेडला इतिहासाच्या लेखांची भाषांतरं करते. परवा तिचा फोन आला. "काका, रॉजर केसमेंटवरचा लेख आहे. ट्रीझनला राजद्रोह लिहू की देशद्रोह? डिक्शनरीत दोन्ही आहेत."

दोन्ही आहेत, तिथंच घोळ आहे. कारण 'सेडिशन'लाही आपण राजद्रोहच म्हणतो, आणि हे दोन गुन्हे एक नाहीत.

सेडिशन म्हणजे बोलून किंवा लिहून सरकारविरुद्ध अप्रीती पसरवणं. भारतीय दंड संहितेत त्यासाठीचं 124-अ कलम 1870 मध्ये आलं. त्याच कलमाखाली 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. मराठी वाचकानं 'राजद्रोहाचा खटला' वाचलं की त्याच्यासमोर टिळकच उभे राहतात. ट्रीझन याहून कितीतरी जड. ज्या राज्याशी निष्ठेनं बांधलेलो, त्याच्यावरच शस्त्र उचलायचं किंवा त्याच्या शत्रूला हात द्यायचा. केसमेंटनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयर्लंडच्या उठावासाठी जर्मनीकडून शस्त्रं मिळवली आणि ऑगस्ट 1916 मध्ये लंडनमध्ये ते फासावर गेले. दोघांनाही एकच शब्द कसा चालेल? म्हणून राजद्रोह सेडिशनपुरता राखून ठेवावा, असं माझं मत.

मग देशद्रोह? सर्वसाधारण लेखनात ट्रीझनला हाच बरा. कोर्टाच्या बातमीत मात्र जपून. आपल्या कायद्यात ट्रीझन नावाचा गुन्हाच नाही. आहे ते भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं. जुनं कलम 121, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 147. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. कसाबला 121 लागलं, पण त्याला देशद्रोही म्हणता येत नाही. तो या देशाचा होताच कुठं? द्रोहाला आधी नातं लागतं. आणखी एक गोम अशी की 124-अ नव्या संहितेत नाही. देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम 152 आहे. लोक त्याला सर्रास 'देशद्रोहाचं कलम' म्हणतात, पण कलमात तो शब्द नाही. बातमीत कलमाचेच शब्द लिहावेत.

माझा जीव मात्र फितुरीवर. देशद्रोहाला क्रियापद नाही, 'केला' जोडावं लागतं. फितुरीला 'फितणं' आहे, 'फितवणं' आहे. म्हणजे फितणारा आणि फितवणारा दोघंही शब्दातच सापडतात. अंबाजोगाईला कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर एक म्हातारा उपरणं झटकत सांगत होता, "आपला साक्षीदार फितला की हो!" पेपरातही साक्षीदार 'फितूर'च होतो. किल्ला, सैन्य, शत्रू असा मामला असेल तर याच्याइतका नेमका शब्द नाही.

पण फितुरीला हेतू लागतो. दौलताबादची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांनी ऐकलेली असते. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, रामदेवराय यादव गडावर, आणि धान्याची म्हणून वर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ. कुणी सांगताना त्याला फितुरी म्हणतं, कुणी घाईतली चूक. चूक असेल तर फितुरी हा शब्दच गळून पडतो. (खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणतात, इथं तर पोतीच मिठाची!)

गद्दार हा शब्द 2022 नंतर सभांमधून इतका फिरला की त्याची धारच गेली. पक्ष बदलला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानं आमदारकी जाऊ शकते, द्रोहाचा गुन्हा दाखल होत नाही. भाषांतरात तो नकोच.

एवढं सगळं सांगून मी "देशद्रोह लिही" म्हणालो. पुतणी म्हणाली, "कुणाच्या देशाचा? केसमेंट आयरिश होते."

खरंच की. मराठवाड्यातल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. 15 ऑगस्ट 1947 ला देशभर तिरंगा चढला आणि हैदराबाद संस्थानात स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. निजामाच्या लेखी ते द्रोही, आपल्या लेखी देशभक्त. 17 सप्टेंबर 1948 नंतर निकाल आपल्या बाजूनं लागला म्हणून आपण बिनदिक्कत मुक्तिसंग्राम लिहितो. अशा ठिकाणी 'देशद्रोह' लिहिला की लिहिणारा सत्तेच्या बाजूला जाऊन बसतो, त्याला कळो न कळो. त्यात केसमेंटवरचा खटला 1351 च्या इंग्लिश कायद्याखालचा, आणि तो कायदा राजाशी असलेल्या निष्ठेचा. त्याच्या जुन्या फ्रेंच मजकुरातल्या विरामचिन्हावर वकिलांनी कीस पाडला होता. तिथं माझा राखून ठेवलेला राजद्रोहच अर्थानं जवळचा, पण वाचकाला पुन्हा टिळक आठवणार.

तिनं शेवटी "ब्रिटिश राजसत्तेशी द्रोह केल्याच्या आरोपावरून फाशी" असं केलं. एका शब्दाच्या जागी अर्धी ओळ गेली. संपादकांनी अजून तरी कात्री लावलेली नाही.