कोल्हापुरी दुधापुढं पानांचा चहा टिकतो का?

निकाल आधीच सांगतो. दूध-साखर घालून पातेल्यात उकळायचा असेल, तर पानांच्या चहावर पैसे घालवू नका. लक्ष्मीपुरीत किलोवर मिळणारी ममरी, म्हणजे दाणेदार चहा, त्या कामाला सरस आहे आणि कितीतरी स्वस्तही. पण दुपारी चारचा एक कप बिनदुधाचा घ्यायची तयारी असेल, तर शंभर ग्रॅम निलगिरी चहा आणाच. इथं पानांचे तीन चहा पारखलेत: निलगिरी, आसाम ऑर्थोडॉक्स (न चुरडता वळलेल्या पानाचा) आणि दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (वर्षातल्या पहिल्या तोडणीचा). तिन्ही सुटे, वजनावर घेतलेले. पाणी नळाचं, दूध म्हशीचं.

दुधाचं आधी बोलू, कारण गाडी तिथंच अडते. गंगावेशीत समोर धार काढून मिळतं त्या म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, शिवाय केसीन हे प्रथिन भरपूर. चहाला तुरटपणा देणारी पॉलिफेनॉलं हे केसीन धरून ठेवतं. ममरीचा दाणा चुरडलेला असतो, दोन-तीन मिनिटांच्या उकळीत तो एवढा कडकपणा सोडतो की दुधानं थोडा गिळला तरी उरतो. अख्खं पान सावकाश सुटतं. अर्धं दूध, अर्धं पाणी करून त्यात पान टाकलं की रंग येतो फिका. मग आणखी दोन चमचे पडतात, आणखी पाच मिनिटं उकळी, आणि कपात येतं महागडं तुरट दूध. सुगंध तोवर वाफेबरोबर खिडकीबाहेर.

ममरी म्हणजे सीटीसी. दातेरी रुळांमधून पान चुरडायचं, फाडायचं आणि वळवून दाणा करायचा, हे यंत्र विल्यम मॅककर्चर यांनी 1930 च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यावर आणलं. त्याआधी चहा म्हणजे वळलेलं पानच, अख्खं नाहीतर तुटकं. जानेवारी 1839 मध्ये आसामच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात गेल्या, तो माल हाच. राजर्षी शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा चारचौघांदेखत घ्यायचे. महाराजांचं निधन 1922 चं, तेव्हा त्या कपात सीटीसी असणं शक्यच नाही. पन्हाळ्याकडे चहाची लागवड करून पाहणारे राजे होते ते! पानांचा चहा हे पुण्या-मुंबईचं नवं खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर हे सांगायला हरकत नाही.

तिघांत निलगिरी सर्वांत सोशिक. तांबूस रंग, फुलांकडे झुकणारा वास, तुरटपणा बेताचा. 200 मिली पाण्याला अडीच ग्रॅम, साडेतीन मिनिटं. मिनिटभर जास्त राहिला तरी तोंड वाकडं होत नाही. थंड झाल्यावर सहसा गढूळ होत नाही, हा त्याचा मोठा गुण. एप्रिल-मेमध्ये बर्फ-लिंबू घालून प्यायला याच्यासारखा दुसरा नाही. लिंबू पिळल्यावर रंग एकदम उतरतो, तो आंबटपणाचा परिणाम. चहात खोट नसते.

आसाम ऑर्थोडॉक्स जाड अंगाचा, भाजलेल्या सातूच्या पिठासारख्या वासाचा. दूध सोसणारा या तिघांत हा एकटाच, तेही रीत पाळली तर. 150 मिली उकळतं पाणी, तीन ग्रॅम पान, झाकण ठेवून पाच मिनिटं. मग गाळायचा आणि वेगळं तापवलेलं दूध 30 मिली, त्यावर थेंब नको. गूळ याच्यात छान बसतो. मात्र गूळ गाळलेल्या चहात आधी विरघळवा आणि दूध शेवटी, गॅस बंद असताना. गूळ किंचित आंबट असतो, उकळीत दुधाशी गाठ पडली की दूध फाटतं.

दार्जिलिंग फर्स्ट फ्लशबद्दल दुकानात हमखास तक्रार येते: ‘हा तर ग्रीन टी दिलाय.’ तसं नाही. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची ही कोवळी पानं जास्त सुकवून घेतात, त्यामुळे पुढचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेनं पान काळवंडणं, अर्धवट राहतं आणि पान हिरवट दिसतं. इथं पाण्यानं खेळ बिघडतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. फर्स्ट फ्लशला ते जास्तच. उकळी आल्यावर गॅस बंद करून झाकण काढा, दोन-तीन मिनिटांनी ओता, आणि तीन मिनिटांत गाळा. चौथ्या मिनिटाला कडवटपणा डोकं वर काढतो. दूध, गूळ, आलं यातलं काहीही घातलं तर पैसे पंचगंगेत. आमच्या मते तिघांत चव याचीच सर्वांत सुरेख, पण पहिल्यांदा घेणाऱ्यानं याच्यापासून सुरुवात करू नये.

बोअरचं पाणी असेल तर तिन्ही चहा हरतात. कॅल्शियममुळे वर तेलकट साय येते आणि चव बोथट होते. नळाचं पाणी एकदाच उकळून वापरावं. मोजायला चमचा फसवा: ममरीचा सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो, अख्ख्या पानाचा शिगोशीग भरूनही दीडच. किचन वजनकाटा घ्या. गोल जाळीची गोळी मात्र नको, पान आत फुलतच नाही. साधं झाकणाचं भांडं आणि गाळणी पुरे. गाळताना पानं चमच्यानं दाबू नका. तीच पानं मिनिटभर जास्त ठेवून दुसऱ्यांदा चालतात.

दुकानात पुडी बांधण्याआधी चिमूटभर पान तळहातावर घ्या. बोटांत सहज मोडलं पाहिजे, वाकलं तर ओल शिरलीय. पांढऱ्या कपात थंड पाण्यावर थोडं टाका; लगेच लाल रेघा सुटल्या तर रंग लावलाय. डब्यावरची ओपी, बीओपी ही अक्षरं पानाचा आकार सांगतात, चव नाही. ‘डस्ट’ म्हणजे झाडून काढलेला कचरा हाही गैरसमज; ती सर्वांत बारीक दाण्याची प्रत आहे. दार्जिलिंग घेताना मूळ पेटीवरचं टी बोर्डाचं बोधचिन्ह आणि तोडणीचं वर्ष दाखवायला सांगा. दाखवायला कां-कूं केली, तर निलगिरी घेऊन बाहेर पडा.

घरी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, फ्रिजबाहेर, आणि कांदा-लसूण चटणीच्या बरणीपासून लांबच्या फळीवर. चहा वास पटकन ओढतो. चटणीशेजारी ठेवलेलं दार्जिलिंग पंधरवड्यात फोडणीला टाकायच्या लायकीचं होतं. जून ते सप्टेंबर शंभर ग्रॅमच्या वर घेऊ नये. दोन-अडीच ग्रॅमच्या हिशोबानं तेवढ्यात चाळीस ते पन्नास कप निघतात.