रनिंग बोर्डचं डेंटिंग : आठ महिने आणि अर्ध्या पावसाळ्यानंतर

परवा नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिग्नलवर ब्रेक दाबला आणि डाव्या दाराखालून डुचुक-डुचुक आवाज आला. बायको म्हणाली, बाटली पडली असेल. बाटली तिच्याच हातात होती. पाणी गाडीच्या पत्र्यात होतं.

झालं होतं असं. नोव्हेंबरात पंक्चरवाल्या पोराने जॅक खाचांच्या मधे न लावता भलतीकडेच लावला आणि रनिंग बोर्डची, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पत्र्याची, दुहेरी कड आडवी झोपली. उभ्याने काही दिसत नव्हतं, वाकलं की वीतभर खड्डा. आपल्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, हाच पत्रा भार पेलतो, त्यामुळे दुर्लक्ष करवेना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पत्रा कापून नवा बसवायचे 21,000 सांगितले. विम्याचा क्लेम करता आला असता, पण पाच वर्षं जपलेला 50 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मी असल्या कामासाठी मोडत नसतो.

अंबडच्या एका मिस्त्रींनी 3,500 मध्ये केलं. मी दुपारभर स्टुलावर बसून पाहिलं. दुसरा एक जण गॅसने लाल करून ओढू म्हणाला होता. मिस्त्रींनी बत्तीला हातही लावला नाही. "साहेब, हा पत्रा कडक असतो. तापवला की मऊ पडतो. मग दिसायला सरळ, कामाला खोटा." कडेला चिमटा लावून साखळीने जरा जरा ओढायचं, मधेच हातोडी. जोड उकलला होता तिथे वेल्डिंगचे टिपके, त्याआधी आठवणीने बॅटरीची वायर काढली. शेवटी त्याच जागी जॅक लावून गाडी उचलली आणि दोन्ही दारं उघडून लावून दाखवली. कुठेच घासलं नाही. त्या दिवशी लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते.

आता भोकांबद्दल. या पोकळ पत्र्याला पाणी निघायला खाली करंगळीएवढी भोकं असतात. काम झाल्यावर गंज धरू नये म्हणून खालून काळं कोटिंग मारलं, ते इतकं जाड की तिन्ही बुजली. पावसाचं पाणी कुठून ना कुठून आत शिरतंच, बाहेर पडायची वाट मात्र बंद. आतून गंज धरला तर रंगाला फुगे येईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणजे एवढा निगुतीने ओढलेला पत्रा तीन भोकांपायी सडायचा! दोन रात्री माझ्या डोक्यात तीच तीन भोकं.

भांडायलाच गेलो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "कोटिंग फुकट मारून द्या म्हणून तुम्हीच मागे लागला होता ना? हाताखालच्या पोराने मारलं."

हे खरं आहे. पण फुकट म्हणून भोकं बुजवायची?

त्यांनी सायकलची तार घेऊन एकेक भोक टोचलं. भसकन पाणी आलं, पहिली धार चहाच्या रंगाची, मग स्वच्छ. "वरवरचा गंज आहे, वेळेत आलात." कॉम्प्रेसरची हवा मारली, दिवसभर शेडमध्ये सुकवलं आणि लांब नळीने आत मेणाचा स्प्रे सोडला. कड मात्र आजही ओळंब्यात आहे, ते मान्य.

मेणाचे 300 घेतलेच. ती तार मी मागून आणली, डिकीत ठेवलीय.