रोजच्या ऑफिस-शर्टासाठी कापड: टेरिकॉट, पॉपलिन की ट्विल?

शर्टाचे कापड निवडताना बहुतेकांची नजर आधी रंगावर आणि मग किमतीवर जाते. परंतु शर्ट दिवसभर अंगावर कसा राहील, हे सूत आणि वीण या दोन गोष्टींवर ठरते.

सुताचे आधी पाहू. कापूस हवेतील ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांच्या मिश्र सुताचे कापड, त्यात पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त असेल तर मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः लोकलच्या गर्दीतून उतरल्यावर, पाठीला चिकटून बसते. मात्र ते लवकर वाळते आणि त्याची इस्त्री टिकते, त्यामुळे फिरतीची नोकरी असणाऱ्याने पावसाळ्यासाठी एखादा टेरिकॉटचा शर्ट जरूर ठेवावा. एरवी मी शुद्ध सुतीच सुचवेन.

सुतीमध्ये खरी निवड पॉपलिन आणि ट्विल यांच्यात आहे. पॉपलिनमध्ये आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून आणि पुढच्याच्या खालून जातो, त्यामुळे कापड पातळ, गुळगुळीत आणि हवेशीर होते. पण त्यावर चुण्या ठळक पडतात आणि पांढऱ्या पॉपलिनमधून बनियन दिसते. ट्विलमध्ये धागा एकाहून अधिक धाग्यांवरून जातो व प्रत्येक ओळीत एक घर सरकतो, म्हणून त्यावर तिरप्या रेघा उमटतात. हे कापड अंगावर छान पडते, कमी चुरगळते आणि इस्त्रीला सोपे असते, परंतु थोडे जड व उबदार वाटते. मुंबई-कोकणात पॉपलिन, तर पुण्याच्या थंडीत किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्यासाठी ट्विल, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑक्सफर्ड हे जाड विणीचे सुती कापड टिकाऊ आहे, पण त्याचा जाडसर पोत टायखाली शोभत नाही. जवसाच्या तंतूंचे लिनन सर्वांत थंड असले, तरी दुपारपर्यंत चुरगळते. मुलाखतीला ते नको.

दुकानात ‘२/१००’ असा आकडा दिसला, तर १०० काउंटचे दोन धागे एकत्र पिळले आहेत, असे समजावे. काउंट जितका मोठा तितके सूत तलम, पण तितकेच नाजूक. रोजच्या वापराला मध्यम काउंट पुरे. ‘रिंकल-फ्री’ कापडावर सहसा राळेची प्रक्रिया केलेली असते, तिने कापसाचा तंतू काहीसा कमजोर होतो आणि कॉलरची घडी व कफ लवकर विरतात.

शर्टपीस घेऊन शिवणार असाल, तर पूर्ण बाह्यांसाठी ५८ इंच पन्ह्याचे साधारण १.६० मीटर कापड लागते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे द्यावे.